गोव्याच्या दमट हवेत चामडी बूट: पायाला बसवण्यापासून पावसाळा काढण्यापर्यंत

चांगले, महागाचे चामडी बूट घ्यायचे असतील तर गोव्यात ते ऑक्टोबरच्या शेवटी घ्यावेत. यात मुहूर्ताचा भाग नाही, हवेचा आहे. नवा बूट रोज थोडा थोडा घालून पायाला बसायला महिना-दीड महिना सहज जातो. या काळात पायाचा घाम बुटात मुरतो, वाळतो, पुन्हा मुरतो, आणि या ये-जा करणाऱ्या ओलाव्यानेच चामडं तुमच्या पायाचा आकार घेतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा घाम वाळतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस लागला की वाळणं जवळजवळ थांबतं. जुलैत नवे बूट घालायला सुरुवात केली तर पायाला बसण्याआधी त्यांना बुरशी लागते.

बुटांविषयीचे बहुतेक सल्ले थंड आणि कोरड्या देशांतून येतात. तिकडे चामडं सुकून तडकतं, म्हणून 'तेल लावा, क्रीम लावा, पुन्हा लावा' हा घोष. आपल्याकडे चामडं सुकण्यापेक्षा सडण्याची भीती जास्त. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात.

घेतानाच काय बघायचं

कमावलेल्या चामड्याचे ढोबळ दोन प्रकार. एक क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं. जगातलं बहुतेक चामडं आज असंच असतं. ते मऊ असतं, लवकर पायाला बसतं, पाण्याला थोडं जास्त तोंड देतं. दुसरं झाडांच्या सालींनी कमावलेलं, आपल्याकडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने करतात तसं. ते आधी ताठ असतं, पण एकदा वळलं की पायाचा ठसा धरून ठेवतं. वापराने त्याला गडद, खोल रंग चढतो. मात्र बुरशीला तेच जास्त आवडतं. गोव्यात बारमाही वापरायचा पहिलाच जोड असेल तर मी वरचं चामडं क्रोमचं आणि आतला तळ साली-हिरड्याच्या चामड्याचा असलेला बूट घेईन. चांगल्या बुटांत अशी जोडी नेहमीची आहे.

तळव्याकडे त्याहून जास्त लक्ष द्या. गुडइयर वेल्ट पद्धतीच्या बुटात वरचं चामडं आणि तळवा यांच्यामध्ये चामड्याची एक पट्टी कडेने शिवलेली असते, आणि आतल्या पोकळीत बहुधा बुचाचा भुगा भरलेला असतो. वजनाने हा भुगा दबतो आणि टाच-चवड्याचा साचा तयार होतो. तळवा झिजला की पट्टीपासून उसवून नवा लावता येतो. चिकटवलेल्या बुटाला ही सोय सहसा नसते.

पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा तळवा मात्र गोव्यात टाळा. तो हलका आणि मऊ असतो, पण उष्ण दमट हवेत त्यातली रासायनिक साखळी ओलाव्याने तुटत जाते. बूट कपाटात नुसता पडून असला तरी चार-पाच वर्षांनी तळव्याचा भुगा होऊ शकतो. 'लग्नासाठी जपून ठेवले होते, पहिल्याच दिवशी तळवा गळून पडला' ही तक्रार कोकणपट्टीत नवी नाही. रबराचा तळवा घ्या, खाचा असलेला. संपूर्ण चामड्याचा तळवा दिसायला देखणा, पण शेवाळ धरलेल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवरून तो तुम्हाला थेट खाली पोचवेल.

माप

दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. जे मोजे घालणार तेच घेऊन जा. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मापात एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटर, अर्ध्याचा सव्वाचार. म्हणजे 'अर्धा नंबर इकडे-तिकडे चालतो' म्हणणाऱ्या विक्रेत्याचं ऐकू नका.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची वाढ चपलेत किंवा अनवाणी झालेली असते. त्यामुळे चवडा पसरट आणि मानाने टाच अरुंद, असा पाय खूप दिसतो. युरोपी धाटणीचा बूट अशा पायाला चवड्यात आवळतो. मग लोक एक नंबर मोठा घेतात. चवडा सुटतो, पण टाच आत खेळू लागते आणि बूट जिथे वाकायला हवा त्याच्या पुढे वाकतो. त्यापेक्षा रुंद बांध्याचा बूट मागा. बऱ्याच कंपन्या रुंदी वेगळ्या अक्षराने दाखवतात.

पायात चढवल्यावर अंगठ्यापुढे साधारण एक ते दीड सेंटीमीटर जागा हवी. पायाचा सर्वांत रुंद भाग बुटाच्या सर्वांत रुंद भागाशी जुळायला हवा. टाच पहिल्या दिवशी चालताना अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत उचलली गेली तर घाबरू नका, तळवा वाकायला लागला की ते कमी होतं. नाड्या बांधल्यावर दोन्ही पाळ्यांमध्ये दोन-तीन बोटांचं अंतर राहू द्या. चामडं सैल पडेल तसं ते कमी होत जातं. पहिल्याच दिवशी पाळ्या एकमेकींना टेकल्या, तर पुढे आवळायला जागाच उरणार नाही.

मुख्य गोष्ट अशी की चामडं रुंदीत सैल पडतं, लांबीत नाही. चवडा घट्ट, घोट्याशी काठ घासतो, जीभ टोचते, ही सगळी दुखणी वापराने जातात. बोटांची टोकं पुढे टेकतात किंवा पायाच्या कमानीला उंचवटा भलत्याच जागी लागतो, ही दुखणी कधीच जात नाहीत. तसा बूट परत करा. म्हणून पहिले काही दिवस तो फक्त घरात, स्वच्छ फरशीवर घाला आणि खोका जपून ठेवा.

घरातले पहिले दिवस

पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी अर्धा तास ते तासभर पुरे. टीव्हीसमोर बूट घालून बसण्याचा काही उपयोग नाही. बूट वाकायला हवा. जिना चढा-उतरा, चवड्यावर उभे राहा, उकिडवे बसून उठा. पहिल्या सुरकुत्या जिथे पडतात तिथेच त्या कायम राहतात. काही शौकीन सुरकुती सरळ यावी म्हणून चवड्यावर आडवी पेन्सिल धरून पाय वाकवतात. करायचं तर करा. मला ते लग्नाच्या फोटोसाठी घेतलेल्या बुटांपुरतंच ठीक वाटतं.

नाड्या पहिले दोन-तीन दिवस सैल बांधा, विशेषतः घोट्याच्या वळणावर. टाच उचलली जात असेल तर वळणाजवळच्या कड्यांमध्ये नाडीचा प्रत्येक बाजूला एक फास करा, समोरच्या बाजूची नाडी त्यातून ओवा आणि मग ओढून बांधा. टाच मागे धरली जाते आणि चवडा मोकळा राहतो.

मोज्यांबद्दल सांगतो ते ऐकून गोव्यात लोक हसतात, पण पातळ लोकरीचे किंवा लोकर आणि नायलॉन मिसळलेले मोजे वापरा. सुती मोजा घाम पितो आणि ओलाच राहतो; ओली त्वचा घासली की फोड येतो. लोकर ओलावा घेऊनही पायाला तितकी चिकटत नाही. मोज्याची उंची बुटाच्या काठापेक्षा वर हवी, नाहीतर काठ थेट पोटरीखाली घासतो.

एखादी जागा गरम लागायला लागली, चुरचुरली, की तिथेच थांबा. फोड यायच्या आधीचा तो इशारा असतो. त्या जागी कागदी किंवा कापडी वैद्यकीय चिकटपट्टी लावा आणि त्या दिवशी बूट काढून ठेवा. फोड आलाच तर फोडू नका, झाका, आणि तो वाळेपर्यंत चपला घाला.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हे प्रकरण गांभीर्याने घ्यावं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी आरोग्य-पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. म्हणजे हे वाचणाऱ्यांत असे बरेच जण असणार. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, बूट चावलेला कळत नाही आणि साध्या फोडाची जखम चिघळते. अशांनी 'चावू दे, सवय होईल' हा मार्ग धरूच नये. मऊ, रुंद बूट घ्यावा, दर वेळी काढल्यावर दोन्ही तळपाय डोळ्यांनी तपासावेत आणि संवेदना कमी वाटत असेल तर बुटाआधी डॉक्टरांना पाय दाखवावा.

झटपट उपायांबद्दल

बूट पाण्यात बुडवून पायातच वाळवणे, केस वाळवायच्या यंत्राने गरम करणे, आत स्पिरिट शिंपडणे, पाण्याची पिशवी भरून फ्रीझरमध्ये ठेवणे, हे सगळे उपाय तुम्हाला कुणी ना कुणी सांगेल. बूट काही वेळा खरंच सैल होतो. पण पाणी आणि स्पिरिट चामड्यातली स्निग्धता काढून नेतात. ओल्या चामड्याला उष्णता लागली की त्याचे तंतू आकसतात आणि पुन्हा पूर्वीसारखे होत नाहीत. चामडं वळायला लागते ती उष्णता पायाच्या अंगात असतेच.

एकाच ठिकाणी, समजा करंगळीच्या सांध्यावर, बूट दाबत असेल तर बूट दुरुस्त करणाऱ्या मोचीकडे जा. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, कुठल्याही बाजारात बसलेला जुना कारागीर बूट फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, चढवून तेवढीच जागा फुगवून देतो. दाबणाऱ्या जागेवर बाहेरून खडूची खूण करून न्या. एक-दोन रात्री बूट त्याच्याकडे राहू द्या. 'लगेच ठोकून द्या' अशी घाई केली तर तो ठोकून देईलही, पण चामडं तितक्याच लवकर मूळ जागी येईल.

बाहेर पडल्यावर

दुसऱ्या आठवड्यापासून बाहेर. सुरुवातीला सपाट फेरी. पणजीत राहत असाल तर मांडवीच्या काठाने चालावं, मग आल्तिनोची चढण. चढणीवर टाचेचा आणि उतरणीवर बोटांचा कस लागतो, त्यामुळे बूट कुठे चुकतोय ते एका फेरीत कळतं. मिरामारला गेलात तर रस्त्याकडेच्या पदपथावरच थांबा. वाळू शिवणीत शिरली की आतून दोरा कातत राहते आणि खारं पाणी चामड्यावर पांढरे डाग सोडतं. नवे बूट घालून थेट दूधसागरची वाट किंवा सत्तरीतलं रान धरू नये, हे सांगायला लागू नये, पण मोलेला लंगडत परतणारे दर हिवाळ्यात दिसतात.

दुचाकीवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण गोव्यात बहुतेकांचा बूट चालण्यापेक्षा गाडीवर जास्त असतो. गाडी चालवताना पाय सपाट राहतो, बूट वाकत नाही. त्यामुळे रोज म्हापसा-पणजी केलं तरी बूट पायाला बसत नाही. उलट गिअरच्या दांडीने डाव्या बुटाच्या नाकावर काळा पट्टा पडतो, तो कुठल्याही पॉलिशने पूर्ण जात नाही. पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचा तुकडा घेऊन दांडीवर चढवा. वर चामड्याची किंवा रबराची टोपी मिळते, ती बुटाच्या नाकावर बसते. दिसायला विचित्र, कामाला उत्तम. उजव्या बुटाचा तळवा गरम सायलेन्सरला टेकू देऊ नका, रबर वितळून चिकटतं.

दुसरी अडचण आपल्या चालीरीतीची. घरात शिरताना, देवळात, कुणाच्या बल्कांवाच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, आत पाऊल टाकताना पादत्राणं काढायची. आठ-दहा कड्यांचा बूट दिवसातून पाच वेळा सोडायचा म्हणजे माणूस कंटाळून नाड्या न सोडताच पाय ओढतो, आणि परत घालताना टाचेवर पाय देऊन बूट चिरडतो. टाचेच्या आत चामड्याच्या दोन थरांमध्ये एक ताठ तुकडा असतो. तो एकदा मोडला की बूट टाच धरत नाही आणि दुरुस्तीही नीट होत नाही. खिशात मावणारा छोटा शूहॉर्न ठेवा. रोज अशी ये-जा असेल तर बाजूला इलॅस्टिक असलेला चेल्सी बूट घेणं शहाणपणाचं. आणि मंगेशीला किंवा शांतादुर्गेला जायचं त्या दिवशी सरळ चपला घाला. बाहेर उन्हात तापणारा महागाचा जोड डोक्यात असला की दर्शनात लक्ष लागत नाही.

घालणं कमी, वाळवणं जास्त

एकदा घातलेला बूट दुसऱ्या दिवशी घालायचा नाही, हा नियम सगळीकडे सांगतात. गोव्यात थंडीत एक दिवसाची सुट्टी चालते. मार्चनंतर दोन दिवस द्या. पावसाळ्यात बूट घालणारच असाल तर तीन.

काढल्याबरोबर नाड्या पूर्ण सैल करा, जीभ पुढे ओढा, आतला सुटा तळ निघत असेल तर काढून वेगळा ठेवा. बूट पंख्याखाली आडवा ठेवा, म्हणजे तळव्यालाही हवा लागते. तासाभराने आत लाकडी साचा घाला. देवदार जातीच्या लाकडाचा मिळाला तर उत्तम, तो ओलावा थोडा शोषतो आणि सुरकुत्या ताणून धरतो. नाही मिळाला तर चुरगाळलेलं वर्तमानपत्र चालतं. फिकट अस्तर असेल तर छपाईची शाई लागू नये म्हणून आधी एक कोरा कागद घाला.

पावसात बूट पूर्ण भिजला तर आधी ओल्या स्वच्छ फडक्याने चिखल पुसा. गोव्याची तांबडी माती शिवणीत वाळली की रंग सोडते, म्हणून ती ओली असतानाच काढायची. समुद्राचं पाणी लागलं असेल तर गोड्या पाण्यात फडकं भिजवून दोन-तीनदा पुसा. आत कागद भरा आणि पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी बदला. उन्हात, गॅसजवळ, फ्रिजच्या मागे ठेवू नका. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीतही बूट ठेवू नका, तिथे चिकटवलेले भाग सुटतात. वाळायला तीन दिवस लागले तरी लागू द्यात.

तेल-क्रीम किती

नव्या बुटाला पहिले दहा-पंधरा वेळा घालेपर्यंत काहीही लावू नका, घोड्याच्या केसांच्या ब्रशने धूळ झटका, बस. मग बोटावर वाटाण्याएवढं क्रीम घेऊन एका बुटाला पातळ थर द्या, अर्ध्या तासाने पुसा, ब्रश मारा. नंतर कोरड्या महिन्यांत दोन-अडीच महिन्यांनी एकदा पुरतं. चामडं हाताला मऊ लागतं आणि रंग फिका दिसत नाही, तोवर हात लावायचं कारण नाही.

खोबरेल हमखास सुचवलं जातं, घरात असतंच म्हणून. ते चामड्यात खोल जातं, रंग काळपट करतं, चामडं गरजेपेक्षा ढिलं पाडतं, आणि दमट हवेत बुरशीला आयतं जेवण मिळतं. नको. नुबक किंवा स्वेड, म्हणजे लव असलेलं चामडं असेल तर क्रीम, तेल, मेण काहीच नको. फक्त ब्रश आणि पाणी न धरणारा फवारा.

मेच्या मध्यावर बूट साफ करून, पूर्ण वाळवून, मेणयुक्त लेप पातळ लावा. शिवणीवर आणि तळव्याच्या कडेच्या पट्टीवर बोटाने नीट दाबून लावा, पाणी आधी तिथूनच शिरतं.

पाऊस

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात जून ते सप्टेंबर चामडी बुटांना रोजचं काम देऊ नये. शेतात, ओढ्यात, भर पावसात गमबूट किंवा प्लास्टिकच्या सॅंडल घाला. पण बूट चार महिने बंद करूनही ठेवू नका. आठवड्यातून एकदा उघडीप बघून तासभर घाला, मग वाळवा. हलणाऱ्या, हाताळल्या जाणाऱ्या बुटाला बुरशी कमी धरते, आणि धरलीच तर लगेच दिसते.

ठेवायची जागा महत्त्वाची. बंद लोखंडी कपाट, पलंगाखालचा खोका आणि प्लास्टिकची पिशवी या तिन्ही जागा वाईट. उघडी फळी, भिंतीपासून चार बोटं दूर, वर जुन्या सुती कापडाची पिशवी, हे बरं. बंद कपाटाला पर्याय नसेल तर सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की कढईत नव्हे, ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर वाळवून पुन्हा वापरा. निळ्या रंगाच्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यांपासून ते लांबच ठेवायचं. डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी आहेत, बुरशी त्यांना जुमानत नाही.

बुरशी दिसलीच तर बूट घराबाहेर न्या. आत झटकली तर तिचे बीजाणू कपाटभर पसरतात. तोंडाला मास्क लावून कोरड्या ब्रशने काढा. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन, फडकं पिळून, बाहेरून आणि आतूनही पुसा. पण आधी जिभेखाली लपणाऱ्या जागी लावून रंग जातो का ते बघा. पंख्याखाली दोन दिवस वाळवा आणि मगच अगदी थोडं क्रीम. फेणीने पुसण्याचा सल्ला थट्टेत देतात, कधी गंभीरपणेही. फेणीत अल्कोहोल चाळीस-बेचाळीस टक्क्यांच्या आसपास असतं, बुरशीला ते पुरत नाही, आणि ऑफिसात त्या वासाचा खुलासा तुम्हालाच करावा लागेल.

व्हरांड्यात राहिलेला बूट पायात घालण्याआधी उलटा करून जमिनीवर आपटा. विंचू, गोम, पावसात बेडूकसुद्धा आत सापडतो. हात घालून तपासू नका.

तळवा झिजल्यावर

टाचेचा रबराचा थर बाहेरच्या कडेने आधी झिजतो. आतला चामड्याचा थर दिसायच्या आत तो बदला. हे काम बाजारातला मोची चांगलं करतो. पूर्ण तळवा मात्र वेल्टच्या शिवणीतून बदलायला तशी यंत्रं असलेला कारागीर लागतो, आणि त्यासाठी बूट अनेकदा गोव्याबाहेर पाठवावा लागतो. पाठवण्याआधी 'शिवून लावणार की चिकटवून' हे स्पष्ट विचारा, चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, नाड्या आणि सुटे तळ काढून घ्या. पाठवायचा काळ पावसाळा, कारण तेव्हा बूट तसाही कमी लागतो. बुचाचा भुगाही नवीन भरला गेला असेल तर परत आलेला बूट पहिले काही दिवस पायाखाली ताठ लागेल. पुन्हा संध्याकाळची तासभराची फेरी सुरू करा. वरचं चामडं आधीच वळलेलं असल्याने या वेळी फार दिवस लागत नाहीत.